एका नारिंगाची कैफियत

आयर्लंडच्या नैर्ऋत्येस केरी परगण्यात ज्या लहानशा बाजारगावी गेली तीन वर्षे माझे बिऱ्हाड आहे, तेथील सत्तरी उलटलेल्या कोणाही गृहस्थास नाताळाच्या सुमारास ‘पूर्वी कसे होते हो?’ असे आपण सहज जरी विचारले, तरी तो प्रथम विजेच्या लुकलुकत्या माळांकडे, मग नातवंडांच्या हातांतील चकाकत्या पाट्यांकडे आणि अखेरीस छताकडे पाहून एक दीर्घ निःश्वास सोडतो व नारिंगावर येतो. नारिंग एकच असे. ते लोकरी मोज्याच्या थेट अंगठ्याशी असे. आणि तेवढ्यावर सारी बालके परम संतुष्ट असत. अशा जबान्या मी आजवर पुष्कळ ऐकल्या, परंतु एकीतही दुसरे नारिंग निघाले नाही. साक्षीदारांचे इतके एकमत आढळले की आपल्याकडील फौजदारांस निराळाच संशय येतो.

माझे घरमालक हे या संप्रदायाचे महंत. वयाची ऐंशी उलटली असून आवाज खणखणीत आहे, आणि स्मरणशक्ती, तिला कोणी हरकत न घेतल्यास, निर्दोष आहे. हरकत घेऊ शकेल अशी व्यक्ती त्रिभुवनात एकच. ती म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण, जिच्या ताब्यात या घराचे स्वयंपाकघर आहे. म्हणून म्हातारेबुवांची कैफियत नेहमी मधले दार लावून चालते. यंदा ते उघडे राहिले.

कैफियतीचा मजकूर दरसाल एकच. काळ सन १९५० च्या आसपासचा. २४ डिसेंबरची सांज होताच चांगली मनगटाएवढी जाड मेणबत्ती, पोखरलेल्या सलगमाच्या कंदात रोवून, हॉलीच्या काटेरी पानांनी शृंगारून खिडकीत ठेवीत, आणि घरातील सर्वांत धाकट्या अपत्याच्या, म्हणजे अर्थातच त्यांच्या, हस्ते ती प्रज्वलित होई. हेतू हा की, त्या रात्री आसऱ्यासाठी दारोदार फिरणाऱ्या मेरी आणि जोसेफ यांस येथे जागा आहे असे कळावे. त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून बटाटे आणि पांढऱ्या दुधाळ रश्शातला खारवलेला मासा. मध्यरात्री मिस्सा, तिला पुरुषमंडळी देवळाच्या अगदी मागे, टोपी फरशीवर टाकून तिच्यावर एकच गुडघा टेकून, आकाशातल्या बापाशी उभ्या उभ्या भेट उरकावी तशी हजर असत. सकाळी नारिंग. दुपारी भाजलेला हंस (देवी शारदेने या अज्ञ जनांस क्षमा करावी). “ना खर्च, ना धावपळ,” म्हातारेबुवा डोळे मिटून म्हणाले, “सारे कसे आपोआप होत असे.”

“आपोआप?”

हा एवढा एकच शब्द स्वयंपाकघरातून आला. पाठोपाठ बाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या आणि, आवाज तसूभरही न चढवता, त्यांनी बाबवार रुजवात घालण्यास प्रारंभ केला. मासा दाराच्या फळीसारखा ताठ असे. तो दोन दिवस आधी भिजत घालावा लागे, त्याचे पाणी वरचेवर बदलावे लागे, आणि पाण्याचा पंप रस्त्याच्या टोकाशी होता. केकाची सिद्धता नोव्हेंबरात होई व त्यातील मनुकांच्या बिया एकेक करून काढणाऱ्या बोटांत त्यांचीही दहा होती. पुडिंग फडक्यात बांधून दिवसभर रटरटत ठेवावे लागे आणि भांड्यातले पाणी आटू देण्याची मुभा नसे. हंसाची पिसे आईने उपटली, ती उशीत गेली. चरबी बरणीत गेली, आणि जानेवारीत हा खोकू लागला म्हणजे याच्या छातीवर चोळली गेली. “तीही आपोआप चोळली जाई,” बाई म्हणाल्या.

मग टर्कीचे प्रकरण निघाले. टर्की पाळणे हा बायकांचा मामला, आणि त्याचे उत्पन्न हे गृहिणीचे खासगी खाते, अशी वहिवाट होती. पिलू इतके नाजूक की, पावसाने भिजले तरी ते प्राण सोडण्यास सिद्ध. आणि केरीसारख्या मुलखात पाऊस हा पाहुणा नसून घरचाच माणूस. तेव्हा उकडलेले अंडे आणि हातांची आग करणारी नेटलची पाने बारीक चिरून त्या पिलांस भरवावी, रात्री त्यांस चुलीपाशी घ्यावे, असे सात महिने केल्यावर डिसेंबरच्या मोठ्या बाजारी त्यांची विक्री होई. पक्षी इंग्लंडास जात आणि पैसा वाण्याकडे जाई, कारण वर्षाची उधारी तेथे आ वासून बसलेली असे. खाते चुकते झाल्यावर वाणी प्रसन्न होऊन गिऱ्हाइकास नाताळची भेट देई: मनुकांचा एक पाव, एखादी मुरंब्याची बरणी, आणि एक मोठी मेणबत्ती.

“तीच?” मी विचारले.

“तीच,” बाई म्हणाल्या.

म्हणजे पवित्र कुटुंबास वाट दाखवीत खिडकीत जळणारी ती ज्योत ही वस्तुतः वाण्याच्या वसुलाची पोच होती! म्हातारेबुवांनी ती स्वहस्ते प्रज्वलित केली हे निर्विवाद. इतर कोणतेही काम त्यांच्या नावे दप्तरात आढळले नाही.

केवळ माझ्या घरमालकांसच या विस्मृतीचा दोष देणे अन्यायाचे होईल. मोनॅहन परगण्यातील कवी पॅट्रिक कॅव्हॅना याने आपल्या लहानपणीच्या नाताळावर जी सुप्रसिद्ध कविता रचली, तीत वडील फाटकाशी मेलोडियन वाजवीत उभे असून आई गोठ्यात धार काढीत आहे. कवी थोर असल्याने धारेचा नादही त्याने संगीतातच जमा धरला आहे. तथापि त्या मैफलीअखेर दूध एकाच वादकाच्या भांड्यात निघाले असणार, ही गोष्ट रसिकांच्या ध्यानी सहसा येत नाही.

आता नारिंगाचे पैसे. ते इंग्लंडातील कॉव्हेंट्रीहून येत. वडील तेथे इमारतींच्या कामावर होते, आणि वर्षातील साडेअकरा महिने त्यांचे पितृत्व टपालाने पोचत असे. डिसेंबरात हॉलीहेडची बोट डन लिअरी बंदरास लागे तेव्हा तिच्यातून पुठ्ठ्याच्या पेट्या घेऊन अशीच माणसे उतरत, आणि जानेवारीत तीच बोट त्यांस परत नेई. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत येणाऱ्यांची वजावट करूनही सुमारे ४ लाख माणसे हा देश सोडून गेली, आणि १९६१ च्या शिरगणतीत अवघी २८ लाख उरली. मेरी आणि जोसेफ यांस जागा आहे असे प्रत्येक खिडकीतून जाहीर करणाऱ्या राष्ट्रास स्वतःच्या गवंड्यांपुरती जागा सापडत नव्हती. हे ऐकताना म्हातारेबुवा काहीच बोलले नाहीत. बाईंनीही येथे रुजवात आवरती घेतली. इतकेच म्हणाल्या की, तिसऱ्या वर्षी वडील आले तेव्हा याने त्यांस ओळखले नाही आणि तो मेणबत्ती घेऊन माझ्यामागे लपला.

विषय बदलावा म्हणून म्हातारेबुवांनी २६ डिसेंबर काढला. त्या दिवशी गवताचे पोशाख घालून, रेन नामक चिमणीहूनही धाकट्या पक्ष्यास काठीस बांधून पोरे दारोदार फिरत आणि त्या मृत पक्षिराजाच्या अंत्यविधीकरिता वर्गणी मागत. पुढे खऱ्याऐवजी खोटा पक्षी आला; वर्गणी मात्र खरीच राहिली. तिचा विनियोग मोठी मंडळी गुत्त्यात करीत. आदल्या दिवशी गुत्ते बंद असत, कारण १९२७ च्या कायद्याने नाताळच्या दिवशी मद्यविक्रीस मनाई केली होती व ती अद्याप अमलात आहे. या मनाईचा परिणाम, बाईंच्या मते, एवढाच की ऐन कामाच्या दिवशी पुरुष चुलीपाशी येऊन पायांत घुटमळत.

“दूरचित्रवाणी आली आणि साधेपणा गेला,” असा अखेरचा मोर्चा म्हातारेबुवांनी बांधला. यास थोर आधार आहे. ३१ डिसेंबर १९६१ रोजी ती सेवा सुरू झाली तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांनी पडद्यावर येऊन, अणुशक्तीप्रमाणे हिच्याहीपासून अपरिमित हित वा अनर्थ होऊ शकेल, असा इशारा दिला होता. बाईंस ते भाषण आठवत नाही. घरात पाण्याचा नळ आला तो दिवस आठवतो, आणि नाताळ साधा झाला तो त्या दिवसापासून, असे त्यांचे म्हणणे आहे.

परवा ६ जानेवारी झाली. या मुलखात या तिथीस ‘नॉलिग ना मॉन’, म्हणजे बायकांचा नाताळ, असे म्हणतात. बारा दिवसांच्या सणापैकी हा शेवटचा एक दिवस स्त्रियांच्या वाट्यास असून घरकाम पुरुषांनी करावे, असा जुना दंडक आहे. बाई ठेवणीतला कोट घालून मैत्रिणींसह गावातील हॉटेलात चहास गेल्या. म्हातारेबुवांनी बाह्या सरसावल्या, एक फडताळ उघडले, मिटले, दुसरे उघडले, आणि ज्या घरात आपण जन्मलो त्याच घरात चहापत्तीचा डबा कोठे असतो, असे तीन वर्षांच्या या भाडेकरूस हलक्या आवाजात विचारले.