फियाटकाका टीव्ही बघतात

कळव्यात माणसाला धड उभं राहायला जागा नाही, तिथे गाडीची काय कथा! तरीही मनीषानगरपासून खारेगावपर्यंत कुठल्याही जुन्या सोसायटीत शिरा, जिन्यालगतच्या कोपऱ्यात खाकी कव्हराखाली काहीतरी झाकून ठेवलेलं दिसेलच. कव्हर उडू नये म्हणून चारही टोकांना विटा, आणि बॉनेटवर सोसायटीचं मांजर. आत प्रीमियर पद्मिनी असते. तिच्या मालकाला अख्खी बिल्डिंग फियाटकाका म्हणते, आणि पार्किंगचा विषय निघाला की सोसायटीच्या वार्षिक सभेत सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात.

फियाटकाका हा सहसा कारखान्यातला माणूस. मुकुंद, मफतलाल, सीमेन्स यांच्या भोंग्यांवर ज्या भागाचं घड्याळ चाललं, त्या भागात त्याची नोकरी झाली. आयुष्यभर हातात व्हर्नियर होता आणि सुताच्या फरकावरून माल परत पाठवायचा अधिकार होता. आता निवृत्तीनंतर परत पाठवण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून तो रात्री जेवणानंतर टीव्हीसमोर बसतो आणि जुन्या गाड्या नव्या करून दाखवणारे कार्यक्रम परत पाठवतो.

हे कार्यक्रम तो चुकवत मात्र नाही. ‘व्हीलर डीलर्स’ असो, ‘ओव्हरहॉलिन’ असो, टेक्सासातल्या गॅस मंकी गॅरेजचा ‘फास्ट एन लाउड’ असो, हिंदी डबिंगसकट सगळे भाग त्याचे दोनदोनदा बघून झालेले असतात. विश्वास मात्र एकावरही नाही. घरात आरती चालू असताना मागे उभा राहून टाळ्या वाजवणारे नास्तिक असतात, त्यातला हा प्रकार.

त्याचा पहिला आक्षेप बोल्टला असतो.

टीव्हीवर इंग्लंडातली गंजकी गाडी वर्कशॉपमध्ये येते. एड चायना नावाचा ताडमाड उंच मेकॅनिक केशरी हातमोजे चढवतो, पाना लावतो आणि बोल्ट सुटतो. काका रिमोट खाली ठेवतात. “सुटला?” ते विचारतात. प्रश्न भाच्याला असतो, पण भाचा मोबाइलमध्ये असतो. खाडीच्या हवेत चाळीस वर्षं मुरलेला बोल्ट असा सुटत नाही, हे काकांना स्वतःच्या अंगठ्याच्या नखावरून ठाऊक आहे. त्याला आदल्या रात्री डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवावं लागतं. सकाळी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून जोर काढायचा. नाही हलला तर चहूबाजूंनी हातोडीने हलकेच ठोकायचं. तरीही नाही, तर गॅसने तापवून लाल करायचा. मग एकदाचा कट्ट असा आवाज येतो, काकांचा चेहरा उजळतो, आणि बोल्टचं नुसतं डोकं हातात येतं. उरलेला आत. पुढे ड्रिल, टॅप, आणि शेजारच्या विंगमधून “आज रविवार आहे हो!” अशी हाक. टीव्हीवर या सगळ्याच्या जागी गिटारचा एक तुकडा वाजतो.

दुसरा आक्षेप हिशेबाचा, आणि तो खरोखर बिनतोड आहे. ‘व्हीलर डीलर्स’ २००३ मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याचा साचा ठरलेला: माइक ब्रुअर गाडी विकत घेतो, चायना ती दुरुस्त करतो, ब्रुअर ती विकतो आणि शेवटी नफ्याचा आकडा पडद्यावर येतो. त्या आकड्यात गाडीची किंमत असते, पार्टचे पैसे असतात. चायनाची मजुरी नसते. काका कालनिर्णयच्या जुन्या पानामागे त्याचे तास मांडतात. इंजिन उतरवणं, पत्रा कापून जोडणं, ब्रेकच्या नळ्या बदलणं यांचे तिथल्या दराने पैसे धरले, तर बहुतेक भागांत ब्रुअरने घर गहाण टाकायला हवं. ब्रुअरच्या घासाघिशीबद्दल तर बोलायलाच नको. गाडीभोवती दोन फेऱ्या, एक उसासा, पुढे केलेला हात, आणि समोरचा माणूस किंमत उतरवतो. “कुर्ल्याला सीएसटी रोडवर येऊन एक हेडलाइट घेऊन दाखव म्हणावं,” काका म्हणतात.

चायनावर मात्र त्यांचा जीव. कारण तो काम करताना दिसायचा. कोणता वॉशर कुठे बसतो, बेअरिंग कसं दाबायचं, हे थांबून सांगायचा. २०१७ मध्ये त्याने कार्यक्रम सोडला आणि कारणही जाहीर केलं. चॅनेलला हा कार्यक्रम करणं फार अवघड वाटू लागलं होतं, वर्कशॉपमधला तपशील कमी करायचा होता, आणि ते आपल्याला पटणारं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. काकांनी त्या दिवशी टीव्ही लावला नाही. संपूर्ण कार्यक्रमात बघण्यासारखं जे होतं तेवढंच नेमकं कापायला निघाले, याचं दुःख त्यांना आजही आहे. आणि थोडा आनंदही, कारण आपण इतकी वर्षं म्हणत होतो ते खरं निघालं.

असा आनंद त्यांना २०१५ मध्येही झाला होता. एमटीव्हीच्या ‘पिंप माय राइड’मध्ये खटारा गाड्यांना टीव्हीचे पडदे, माशांच्या टाक्या असलं काहीबाही बसवून द्यायचे. हफिंग्टन पोस्टने त्यातल्या गाडीमालकांना गाठलं. काम दाखवतात त्यापेक्षा कितीतरी जास्त, महिनोन्महिने चाललं होतं. चकचकीत वस्तूंपैकी काही चित्रीकरण उरकल्यावर काढूनही घेतल्या होत्या. भाच्याने ही बातमी वाचून दाखवली तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “पुढचं वाच. इंजिनाला हात लावला होता का?”

‘ओव्हरहॉलिन’ची मात्र त्यांना धास्ती वाटते. त्यात घरचेच लोक संगनमत करून मालकाची जुनी गाडी गुपचूप पळवतात, चिप फूज आणि त्याची माणसं ती आठवडाभरात नवी करतात आणि मालक रडतो. कळव्यात घरच्यांनी अशी गाडी उचलून नेली, तर ती परत येईलच याची काकांना शाश्वती नाही. काकूंनी भंगारवाल्याचा नंबर कुठे लिहून ठेवलाय, हे त्यांना माहीत आहे.

आणि आठवडाभरात? रस्त्याकडेच्या ज्या गॅरेजमध्ये काकांची गाडी वर्षातून दोनदा मुक्कामाला असते, तिथले उस्तादही आठवड्याच्याच भाषेत बोलतात. “शनिवारी घेऊन जा,” असं ते दर सोमवारी सांगतात. लिफ्ट नाही, जॅक आहे. प्रकाशाला वायरने टांगलेला बल्ब. फरशीवर सांडलेलं ऑइल आणि त्यावर टाकलेला भुसा. पण याच उस्तादांनी कार्बोरेटर उघडून, जेट फुंकून, कानाने ऐकत इंजिन असं लावून दिलंय की काकांच्या दृष्टीने बीबीसीने येऊन चित्रीकरण करावं. बीबीसी अजून आलेली नाही.

पद्मिनीविषयी बोलताना काकांचा आवाज बदलतो, आणि तो बदलावा असा इतिहासही आहे. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नासच्या दशकात जी फियाट ११०० बाहेर पडली, तिला मुंबईकरांनी डुक्कर फियाट म्हणून डोक्यावर घेतलं. १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लटकलेला चार गिअरचा दांडा, मागे कमानपाटे. पैसे भरून नंबर लागायला वर्षं जायची. मुलाच्या जन्मावेळी नोंदवलेली गाडी त्याच्या मुंजीला मिळाल्याचे किस्से ठाण्यात अजून सांगतात. (त्यातले निम्मे खरे मानायला हरकत नाही.) नव्वदच्या दशकात याच कंपनीने फ्रेंचांशी सोयरीक करून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ काढली. ती टिकली नाही. आता कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर हे नाव मैदानापुरतं उरलंय, आणि तिथे सभा होतात.

पार्ट मिळत होते ते टॅक्सीवाल्यांच्या कृपेने. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर दरवाजाच्या मुठीपासून डायनॅमोपर्यंत सगळं कुर्ल्यात मिळायचं आणि दुरुस्त करणारे हातही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, म्हणजे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला तिचा हिशेब पूर्ण झाला. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. काकांनी त्याच आठवड्यात चार व्हील सिलिंडर, दोन किटा आणि एक वायपरची मोटर घेऊन ठेवली. ती पलंगाखाली आहेत. टीव्हीवर मात्र अशा वेळी ब्रुअर फोन उचलतो आणि दुसऱ्या दृश्यात खोका हजर असतो.

रंगाच्या बाबतीत काका कुणाचंच ऐकून घेत नाहीत. पडद्यावर गन फिरते, गाडी लाल होते, कॅमेरा बॉनेटवरून सरकतो. “लांबी किती भरली ते दाखव,” काका पडद्याला सांगतात. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा की खड्डा लांबीने बुजवून वर रंग मारायचा, यात सगळी नियत कळते आणि नेमकं तेच रंगाखाली झाकलं जातं. त्यावर काकांकडे उपाय आहे: मऊ फडक्यात शिवून घेतलेलं चपटं लोहचुंबक. पत्र्याला ते गपकन चिकटतं, जाड लांबीवरून घरंगळतं. दक्षिण मुंबईत व्हिंटेज गाड्यांची रॅली असली की ते खिशात घालून काका पहिली लोकल पकडतात. आजवर एकाही मालकाने ते गाडीला लावू दिलेलं नाही. एका संस्थानी बग्गीसारख्या लांबलचक गाडीजवळ काका नुसते खिशात हात घालून उभे राहिले, तरी ड्रायव्हर मध्ये आला म्हणतात.

या पंथाची तरुण शाखाही पारसिकनगरात आहे. ती यामाहा आरएक्स १०० घेऊन बसते आणि तिचा राग यूट्यूबवरच्या जुनं नवं करून दाखवणाऱ्या व्हिडिओंवर असतो. चिखलात ‘सापडलेली’ वस्तू आधी मुद्दाम गंजवून मग घासतात, गंजाचा रंग बघूनच कळतं, वगैरे. काकांना ही पोरं आवडतात. फक्त ती सायलेन्सर बदलतात, ते आवडत नाही.

टीव्ही कधीच दाखवत नाही अशी आणखी एक गोष्ट म्हणजे कागद. गाडी चकचकीत झाली की कार्यक्रम संपतो. कळव्यात तिथून पुढे आरटीओ सुरू होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची, आणि २०२२ मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. वर पर्यावरण कर, पीयूसी, विमा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम काढला तेव्हा काका हरखले होते: नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, थाटच वेगळा. मग त्यांनी नियम वाचला. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि एवढं करून रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढायची नाही. काकांची पद्मिनी ऐंशीच्या दशकातली. सरकारच्या लेखी ती म्हातारी आहे, पण मान मिळण्याइतकी नाही. काका स्वतःही ज्येष्ठ नागरिक झाले तेव्हा रेल्वेची तिकीट सवलत बंद झाली होती, त्यामुळे ही भावना त्यांना नवी नाही.

गाडी पूर्ण कधी होणार, हा प्रश्न त्यांना विचारू नये. मागच्या वर्षी तळाचा पत्रा झाला, यंदा दारांची रबरं, मग किंगपिन. तोवर तळाचा पत्रा पुन्हा बघावा लागतो, कारण पावसाळा कुणासाठी थांबत नाही आणि कळव्यात पाणी खालून येतं. महिन्यातून एका पहाटे ते चोक ओढून, दोनदा सेल्फ मारून गाडी चालू करतात, खारेगाव नाक्यापर्यंत जाऊन येतात, आणि जागा कुणी बळकावली नाही ना या काळजीने परततात.

परवाच्या भागात ब्रुअरने नफा जाहीर केला तसे काका उसळले आणि मजुरीचा विषय काढला. काकू भाजी निवडत होत्या.

“अहो, आपल्या गाडीवर आतापर्यंत किती गेले?”

“पार्टचेच काय ते.”

“आणि मजुरी?”

“मजुरी कसली? मीच तर करतो.”

“मग तो गोरा वेगळं काय करतो?”

काकांनी जरा विचार केला. “तो विकतो,” ते म्हणाले. “मी विकत नाही.”

“तेच तर म्हणतेय मी,” काकू म्हणाल्या.