टाका, विटा आणि मिसळ

मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बसते. समोरच्याची फाइल चाळायची, वय, उत्पन्न, आधीची थकबाकी बघायची आणि हा माणूस किती जोखमीचा ते ठरवायचं, हे माझं काम. त्यामुळे आशाताईंनी माझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल स्टिकर चिकटवलं तेव्हा खरं तर वाद घालायला मला तोंड नव्हतं. तरी घातला.

"हिरवं नाही का होणार, ताई?"

"मॅडम, वय अडतीस. बीपी काठावर. आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलेलं. हिरवं कसं देऊ, तुम्हीच सांगा."

अशी फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मीही परत पाठवली असती, निदान दोन जामीनदार तरी मागितले असते. पुढे ते मिळालेच. एक माझी आई, दुसऱ्या सासूबाई. पाचव्या महिन्यात गेलं त्याबद्दल विनोदी लिहिता येत नाही. बाकी सगळ्याबद्दल येतं.

हे लाल-हिरवं प्रकरण प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातलं. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते आणि जिची काळजी वाटते तिच्या कार्डावर लाल खूण येते. सरकारी भाषेत मी झाले 'अतिजोखमीची माता'. खासगी दवाखान्यात त्याच फाइलवर 'प्रेशस प्रेग्नन्सी' असं लिहिलं. नवरा म्हणाला, "म्हणजे बाकीच्यांच्या काय भंगारात काढलेल्या असतात?" तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. त्याचे सगळे विनोद भंगाराच्या आसपास फिरतात.

विसाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफी झाली. त्याआधी फॉर्मवर सही केली की मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. कायदा १९९४ चा आहे आणि चांगला आहे. मग डॉक्टर पडद्याकडे बघत जरा जास्तच वेळ गप्प बसल्या. पिशवीचं तोंड आखूड झालं होतं. ते पंचवीस मिलिमीटरपेक्षा कमी भरलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. मिलिमीटर म्हटल्यावर नवऱ्याला एकदम कंठ फुटला. "टॉलरन्स किती असतो, मॅडम?"

"तुमच्या केसमध्ये? शून्य."

दोन दिवसांत टाका पडला.

पडल्या पडल्या मी त्या टाक्याचा इतिहास वाचून काढला, कारण दुसरं काही करायला परवानगी नव्हती. पिशवीच्या तोंडाला बटव्याच्या नाडीसारखा आवळून घालायच्या या टाक्याला जगभर 'शिरोडकर टाका' म्हणतात. (घालायच्या पद्धती आता एकाहून जास्त आहेत, पण पहिलं नाव हेच.) डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, कर्मभूमी मुंबई. १९५५ मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. सुरुवातीला ते टाक्यासाठी बाईच्याच मांडीतल्या आवरणाची पट्टी काढून वापरत, हे वाचल्यावर मी माझ्या मांडीवरून कृतज्ञतेने हात फिरवला. भेटायला येईल त्याला मी हे सगळं सांगू लागले. लोक सफरचंदं ठेवून लवकर जाऊ लागले.

आई रत्नागिरीची. शिरोडकर म्हटल्यावर ती ताठ बसली. "म्हणजे आमच्याकडचेच. शिरोडा. वेंगुर्ल्याजवळचं."

सासूबाई कोल्हापूरच्या. त्या कशाला मागे राहतील? "त्या शिरोड्याचे वि. स. खांडेकर. एवढी वर्षं तिथे मास्तरकी केली, पण शेवटी आले कोल्हापुरातच ना, विहीणबाई?"

डॉक्टरांचं शिरोडा गोव्यातलं, ते वेगळं, हे मी खाटेवरून तीनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. खांडेकरांचा माझ्या पिशवीशी संबंध काय, हाही प्रश्न विचारून पाहिला.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण आंबा घाटाची वळणं उतरायला डॉक्टरांनी साफ मनाई केली, म्हणून माहेरच घाट चढून माझ्याकडे आलं. डॉक्टरांचं मूळ वाक्य होतं, "दगदग नको, जड उचलू नका, जरा विश्रांती घ्या." दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्याचं "हलायचं नाही" झालं. सासूबाईंच्या एका जावेने म्हणे अख्खे सहा महिने खाटेच्या पायथ्याला विटा लावून काढले होते. तो मुलगा आता पोलिसात आहे. हा पुरावा निर्णायक ठरला. नवऱ्याने संध्याकाळी फाउंड्रीतून विटा आणल्या, त्याही साध्यासुध्या नाहीत, भट्टीला आतून लावतात त्या. हजार-दीड हजार अंशांना टिकणाऱ्या. माझ्या वजनाबद्दल त्याचा काय अंदाज होता, हे मी अजून विचारलेलं नाही.

पाय वर आणि डोकं खाली करून जगाकडे बघितलं की बऱ्याच गोष्टी कळतात. पंख्यावर किती धूळ आहे हे कळतं. उशी, मोबाइल, चष्मा, पुस्तक, सगळं हळूहळू घसरत डोक्यापाशी जमा होतं आणि त्यांच्या पाठोपाठ जेवणही. जळजळीने मी हैराण झाले. भांडी घासायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "वैनी, असंच ऱ्हायलासा तर बाळ टकुऱ्यातनं भायेर यायचं की वो!"

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "विटा कुणी सांगितल्या?" आम्ही चौघं आत होतो. चौघंही भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोकडे बघू लागलो. नुसतं पडून राहिल्याने बाळंतपण लांबतं याला फारसा आधार नाही, उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, असं त्यांनी समजावलं. विटा निघाल्या. आता त्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली आहेत.

एवढ्यात साखर आली. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० च्या वर गेला की तुम्ही गर्भावस्थेतल्या मधुमेहाच्या. मी दणदणीत वर. त्यामुळे आणखी एक डॉक्टर वाढले. ते म्हणाले, जेवण झालं की चाला. टाक्याच्या डॉक्टरांच्या नर्स म्हणत, बसा. मग मी जेवून स्वयंपाकघरापर्यंत जायची, दोघांचाही मान राहील अशा वेगाने, आणि परत येऊन बसायची. या चालीला घरात 'मॅडमचा मोर्चा' असं नाव पडलं. साखर मोर्च्याला बधली नाही. इन्शुलिन सुरू झालं.

आणि नेमका मे महिना. आई घाट चढून आली ती हापूस घेऊन. आंब्यांना अंधार आणि ऊब लागते, म्हणून तिने पेंढा पसरून आढी घातली ती माझ्या खाटेखाली. "तुझ्या खोलीत कुणाची ये-जा नसते ना, म्हणून." रात्री बारा वाजता अख्खं घर झोपलेलं असायचं आणि खालून तो वास गादीतून वर यायचा. कुठला आंबा आज तयार झाला, कुठला उद्या होईल, हे मला नाकाने सांगता यायला लागलं. सकाळी आई खाली वाकून एकेक फळ दाबून बघायची आणि मी वरून सांगायची, "तो नाही, भिंतीकडचा." एकदाही चुकले नाही. वाट्याला आल्या दोन फोडी, त्याही डॉक्टरांना विचारून, आणि त्या दिवशी जेवणातली भाकरी अर्धी झाली.

डोहाळजेवण झालं, बसल्या बसल्याच. ताटाभोवती सगळं गोड मांडलेलं आणि मी मध्ये काकडी घेऊन. शेवटी आत्याबाईंनी दोन वाट्या झाकून ठेवल्या. मी उघडली तीत पेढा निघाला, म्हणजे मुलगा. सोनोग्राफीवाल्याला तुरुंगात घालणारा कायदा आत्याबाईंच्या वाटीला लागू नाही. पेढा तेवढा माझ्या हातातून ताबडतोब काढून घेण्यात आला.

आता तयारी. मी बँकेतली बाई. एक्सेलमध्ये यादी केली, रकाने केले, रंग दिले. सासूबाई म्हणाल्या, "बाळ यायच्या आधी घरात काही आणायचं नाही. आधीच्या वेळी आणलं होतं." त्यावर मी काही बोलले नाही. पण 'घरात' आणायचं नाही ना? मग मी शेजारच्या काकूंचा पत्ता दिला. पाळणा, टब, मच्छरदाणी, बाटल्या धुवायचा ब्रश, सगळं त्यांच्याकडे पोचू लागलं. काकू बासष्ट वर्षांच्या. त्यांच्या भिशीच्या मैत्रिणींनी एकदा हॉलमधला पाळणा पाहिला आणि बराच वेळ विषय बदलत बसल्या, असं काकूंनीच सांगितलं.

सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हालचाली मोजायच्या होत्या. डाव्या कुशीवर पडायचं आणि दोन तासांत दहा भरतात का बघायचं. मी मोजायला लागले की बाळ गप्प. घरभर शांतता, टीव्ही बंद, आई मनात रामरक्षा म्हणतेय, आणि पोटात काही नाही. कुकरची शिट्टी झाली की मात्र धडाधड. सासूबाई नोंद ठेवायच्या, ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर. दुधाची नोंदही तिथेच असते. महिनाअखेरीला नवऱ्याने दूधवाल्याचा हिशेब केला आणि घाबरून माझ्याकडे आला. "मंगळवारी आपण बारा लिटर दूध घेतलं?"

दवाखान्याची पिशवी मी यादीबरहुकूम भरून घेतली होती. अंगडी, टोपडी, कुंची, जुन्या मऊ धोतराचे लंगोट, दुपटी, थर्मास, चादरी, एक्स्टेंशन बोर्ड. आईने त्यात वेखंड आणि बाळंतशेपा घातला. सासूबाईंनी कुणाला न सांगता तळाशी धुरीची शेगडी घातली. बिडाची. नवऱ्यानेच हौसेने फाउंड्रीत ओतून घेतलेली.

चौतिसावा आठवडा चालू होता. साखरेच्या डॉक्टरांनी मोड आलेली कडधान्यं खायला सांगितली होती. मटकी हे कडधान्य आहे. मिसळीत मटकी असते. अशा सरळ तर्काने मी नवऱ्याकडून एक पार्सल मागवलं, दोन्ही आया देवळात गेलेल्या बघून. कट जरा जास्तच घेतला. ब्रेडला हात लावला नाही, साखर वाढते.

रात्री पोटात कळ आली. थांबली. परत आली. मी घड्याळ लावलं. घरात धावपळ उडाली. नवऱ्याने फाइल काखेत मारली, खाली वाकून पिशवी उचलली, आणि तसाच राहिला. उसण भरली होती. त्याला ना सरळ होता येईना, ना बसता येईना. रिक्षात आम्ही त्याला आडवाच सरकवला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर वॉर्डबॉयने एक नजर टाकली. मी पोटावर हात ठेवून चालत होते आणि शेजारी एक गडी काटकोनात वाकून विव्हळत होता. त्याने चाकाची खुर्ची आणली आणि नवऱ्याला बसवलं. त्याच्या मांडीवर माझी लाल स्टिकरची फाइल. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?" आम्ही दोघांनीही हात वर केला.

पोटाला पट्टे बांधून मशीन लावलं. कागदाची पट्टी निघत राहिली. बाळाचे ठोके उत्तम. कळा? रेघ सपाट. डॉक्टर झोपेतून उठून आल्या होत्या.

"संध्याकाळी काय खाल्लंत?"

"मटकी."

"नुसती?"

पलीकडच्या खाटेवरून, पाठीला मलम लावून घेत असलेला नवरा म्हणाला, "फरसाण कमी घालायला सांगितलं होतं, मॅडम."

कागदावर निदान 'गॅसेस' असं पडलं. दोघांनाही गोळ्या मिळाल्या. त्या रात्री आया एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला उद्देशून दोघींनी मिळून बरंच काही ऐकवलं.

सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला. "आता कधीही," डॉक्टर म्हणाल्या. आम्ही सगळे तयार. रिक्षावाल्याचा नंबर फ्रिजवर, शेगडी पिशवीतून बाहेर, नवरा पट्टा बांधून. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. ज्या बाळाला आत ठेवण्यासाठी शिरोडकरांपासून भट्टीच्या विटांपर्यंत सगळे राबले, ते आता बाहेर यायला तयार नव्हतं. शेवटी इन्शुलिन चालू असल्याने फार थांबायचं नाही असं ठरलं आणि एकोणचाळिसाव्या आठवड्यात औषध देऊन कळा आणाव्या लागल्या. मुलगी झाली. पेढ्याच्या वाटीबद्दल आत्याबाईंनी अजून खुलासा केलेला नाही.

तिच्या बारशाला काकूंकडचा पाळणा समारंभाने आमच्या घरी आला. ती त्यात झोपत नाही. मांडीवर झोपते, आळीपाळीने.

गर्भावस्थेत साखर वाढलेल्या बाईने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तेच पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करायची असते, कारण पुढे मधुमेह कायमचा मागे लागायची शक्यता अशा बायांत बरीच जास्त असते. बाळाच्या गडबडीत ही तपासणी हमखास राहते. तुमची राहिली असेल तर करून घ्या. माझी राहिली आहे. उद्या नक्की जाते. उद्या नाही जमलं तर सोमवारी.