भुलाबाईस चेहरा देणेबाबत

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई वऱ्हाडातल्या घरांत माहेरी येते. सोबत भुलोजी असतो, गणपती असतो, कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर होतो आणि पोरी गाणी म्हणून खिरापत ओळखत बसतात. मूर्ती बाजारातून आणली तर पुढचं वाचण्याचं कारण नाही. घरी घडवून, रंगवून, शिवाय ती ‘अगदी खरी वाटली पाहिजे’ असा हट्ट ज्यांनी धरला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

आधी माती. संत्र्यांच्या वरूड तालुक्यातली काळी माती कपाशीला मानवते, संत्र्यालाही चालते. नाकाला मात्र मानवत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणारी भेग आणि भुलाबाईच्या गालाला पडणारी भेग एकाच कारणाने पडते. म्हणून कुंभाराकडची मळलेली माती आणावी आणि तीत पिंजलेला कापूस कालवावा. तंतू माती धरून ठेवतात. यंदाचा भाव पाहता कापसाचा हा उपयोग बाजारात नेण्यापेक्षा बरा, असं घरचा शेतकरी म्हणाल्यास वाद घालू नये.

मूर्ती सावलीत वाळवावी. मग खडूची पूड आणि डिंक यांचा पांढरा हात द्यावा, नाहीतर माती पहिला रंग पिऊन टाकते.

आता मुख्य विषय. दुकानात ‘स्किन कलर’ मागितला की फिकट गुलाबी बाटली मिळते. ती घेण्याआधी वरूडच्या बसस्थानकावर तासभर उभं राहावं आणि त्या रंगाचा माणूस शोधावा. सापडल्यास बाटली अवश्य घ्यावी. अमेरिकेत क्रेयोलाच्या खडूंच्या पेटीत असाच एक खडू होता, ‘फ्लेश’ नावाचा. १९६२ साली कंपनीने त्याचं नाव बदलून ‘पीच’ केलं. अंगाच्या रंगाला फळाचं नाव देण्याची कल्पना चांगली होती, फक्त फळ चुकलं. संत्रा पाहिजे होता.

हा तालुक्याचा अभिमान नाही, रंगाचं शास्त्र आहे. गोरा, सावळा, काळा, कोणत्याही माणसाची कातडी रंगाच्या चक्रावर नारिंगीच्या आसपासच बसते. कोणाचा नारिंगी पांढऱ्याने फिका झालेला, कोणाचा गडद झालेला, सगळ्यांचाच थोडा मळकट. म्हणून गेरू, पिवळा आणि पांढरा एवढ्यात काम भागतं. स्वीडनचा चित्रकार आंदेर्स झोर्न पांढरा, पिवळी माती, शेंदरी लाल आणि काळा या चार रंगांत माणसं रंगवण्यासाठी प्रसिद्ध होता. आपल्याला भुलाबाईचं एकच कुटुंब रंगवायचं आहे.

जुने इटालियन चित्रकार चेहऱ्याखाली आधी हिरवट मातीचा थर देत आणि त्यावर तांबूस रंग चढवत. हिरवा कुठे कुठे खालून डोकावला की कातडी जिवंत दिसते. वरूडकरांना हे नवीन सांगायला नको. भुलाबाई येते तेव्हा आंबिया बहाराचे संत्रे झाडावर हिरवेच असतात; रात्री गार होऊ लागल्या की हिरवा ओसरतो आणि नारिंगी वर येतो. अर्धवट पिकलेला एक संत्रा समोर ठेवून रंग कालवावा. काम संपेपर्यंत कोणी तो खाऊ नये, यासाठी घरात आधी बैठक घ्यावी.

सावलीसाठी काळा वापरू नये. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी होतो आणि भुलाबाई कावीळ झाल्यासारखी दिसते. त्याऐवजी अंगाच्याच रंगात किंचित निळा घालावा. कपाळ पिवळसर, गाल आणि नाक तांबूस, हनुवटी थोडी थंड रंगाची. भुलोजीची तर निळसरच, कारण दाढी रोज कोण करतं? आणि या छटा खऱ्या माणसापेक्षा ठळक काढाव्यात. सुपारीएवढ्या चेहऱ्यावर नाकाची सावली पडून पडून किती पडणार? प्रकाशाचं अर्धं काम ब्रशलाच करावं लागतं. रंग दारात, उजेडात कालवावा. रात्री बल्बखाली जमलेली सावळी पोरगी सकाळी वेगळीच भेटते.

इथपर्यंत आल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांची पाहणी होते. “काहून वो, भुलाबाई काळी काहून केली?” असा प्रश्न येतो. “आजी, तुमच्यावरच गेली,” हे उत्तर खरं असलं तरी देऊ नये. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यापासून भिंतीवरच्या देव्या गोऱ्या दिसायची आपल्याला सवय लागली, हेही सांगून उपयोग नाही. आजी त्या तसबिरीला रोज हळद-कुंकू वाहते. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फिकट रंगाचा एक हात द्यावा आणि “उजळली,” म्हणावं. हा हात शास्त्रानेही द्यायचाच होता.

डोळ्यांची आखणी शेवटी. बुबुळाभोवती चारी बाजूंनी पांढरा ठेवला तर भुलाबाईला विजेचं बिल दाखवल्यासारखं वाटतं. वरच्या पापणीने बुबुळाचा माथा झाकावा. पांढरा शुभ्र नको, थोडा मळवावा. एक डोळा छान जमला की दुसरा जमत नाही, हा नियम आहे. म्हणून आधी अवघड डोळा काढावा. उजव्या हाताने रंगवणाऱ्यांना दोन्ही अवघड असतात.

ओठ वाकडा आल्यास नथ मोठी घ्यावी. ती ओठासमोर लोंबली की खालचं सगळं झाकतं. भुलोजीला नथ चालत नाही. त्याच्यासाठी मिशी आहे. मिशीची एक बाजू जाड झाली तर दुसरी वाढवावी, मग पहिली पुन्हा लहान वाटू लागते. असं करत मिशी कानाला टेकली की थांबावं, आणि फेटा डोळ्यांपर्यंत खाली ओढावा.