कात्री चालवा, ताई

डेलिया लावायचा तर माणूस थोडा निर्दयी असावा लागतो. हे बागकामाच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहीत नाहीत. पहिल्या पानावर फोटो असतो. वीतभराहून रुंद असं एक जांभळं फूल आणि त्याच्यामागे हसणारा एक सज्जन. या सज्जनाने त्या एका फुलासाठी किती कळ्यांचा गळा घोटला आहे, हे पुढे कुठेतरी ‘मशागत’ अशा निरुपद्रवी मथळ्याखाली येतं. तोवर आपण कंद आणि कुंड्या विकत आणलेल्या असतात आणि सोसायटीत सगळ्यांना सांगूनही झालेलं असतं.

माझं माहेर काहीही न टाकणारं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या, मिठाईच्या डब्यांत बटणं ठेवायची, दोडक्याच्या शिरांची चटणी आणि दुधीच्या सालींचीही चटणी. अशा घरातून आलेल्या बाईने जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाणं ठीक. तिथल्या डेलियापुढे उभं राहून ‘यात काय एवढं’ म्हणणं मात्र ठीक नव्हतं. नवऱ्याने ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

पुण्यात डेलिया पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात. मी वेळेवर लावला. एवढं एक मी बरोबर केलं, म्हणून ते आधी सांगून टाकते. कंद मात्र निवडून घेतले ते आकार बघून. जाडजूड, गुटगुटीत. डेलियाच्या कंदाला नुसता आकार असून भागत नाही. खोडाशी जिथे तो जुळलेला असतो तिथे मानेवर डोळा लागतो आणि कोंब तिथूनच फुटतो. माझ्या गुटगुटीत कंदांपैकी बऱ्याच जणांना मानच नव्हती. ज्यांना होती, त्यांना मी रोज सकाळी झारीभर पाणी घातलं. कोंब फुटायच्या आधी कंदाला जवळजवळ पाणी नको असतं, मुळंच नसतात तर ते पिणार कोण? पण तहानलेल्याला विचारत बसायची आमच्या घरात पद्धत नाही. कुंडीतून वास यायला लागला, तेव्हा मला वाटलं खत चांगलं मुरतंय.

दुसऱ्या खेपेला सोसायटीच्या माळीमामांनी स्वतः कंद निवडून दिले आणि झारी माझ्या हातून काढून घेतली. हिरवे जोमदार कोंब आले. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या आणि मामा म्हणाले, “ताई, आता शेंडा खुडा.”

“का? चांगला वाढतोय की.”

“म्हणूनच.”

शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात, झाड पसरतं, बुंधा भक्कम होतो. शास्त्र मला पटलं. पण दोनदा कंद आणून, इतकी वाट बघून जे एकुलतं एक डोकं वर आलं, तेच उडवायचं? मी मामांना म्हटलं, उद्या खुडते. मग रोज उद्या खुडत राहिले. झाड एकाच दांड्यावर सरळ कठड्याच्या वर गेलं, तिथून त्याने पर्वतीच्या बाजूला पाहिलं आणि पहिल्या वाऱ्यात आडवं झालं.

त्याला आधार म्हणून मी बांबूची काठी कुंडीत जोर लावून खुपसली. आतून ‘कच्च’ असा आवाज आला.

“काठी आधी रोवायची असती, मग कंद,” मामा म्हणाले.

“हे आत्ता सांगताय?”

“तुम्ही काठी आत्ता आणली.”

मधल्या काळात मी शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी आंबवून घातलं. त्याने दोन गोष्टी झाल्या. सोसायटीच्या ग्रुपवर ‘ड्रेनेज तुंबलंय का?’ अशी विचारणा सुरू झाली, आणि झाडांना इतकी पानं आली की भाजीच केली असती. नत्र जास्त झालं की डेलिया फुलायचं विसरतो. मी ग्रुपवर ‘आमच्याकडेही वास येतोय’ असं लिहिलं.

शेवटी कळ्या आल्या. आणि नियमही आला. डेलियाच्या शेंड्याला बहुधा तीन कळ्या येतात, मधली मोठी आणि दोन बाजूंच्या लहान. मोठं फूल हवं तर बाजूच्या दोघी वाटाण्याएवढ्या असतानाच काढून टाकायच्या. आम्ही तिघी बहिणी, मी धाकटी. या नियमाकडे तटस्थपणे बघणं मला शक्य नव्हतं. थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “नियम चांगला वाटतोय.”

मी तिन्ही कळ्या ठेवल्या. तिन्ही फुलल्या. सगळ्या सारख्याच, जेमतेम दोन बोटं रुंद. डेलियात पाच सेंटिमीटरच्या आतल्या गोल, घट्ट फुलांना पॉम्पॉन म्हणतात हे वाचल्यावर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘हा पॉम्पॉन’ असं सांगू लागले. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. “मागच्या वर्षीची शेवंती बरी होती,” म्हणाल्या.

त्यांचा राग माझ्यावर नव्हता, तळमजल्यावरच्या काकूंवर होता. काकूंची जास्वंद ठरल्या वेळी बुंध्यापर्यंत छाटली जाते आणि मग वर्षभर मुकाट फुलते. रोज सकाळी त्या सासूबाईंना गणपतीसाठी पाच फुलं आणून देतात आणि देताना म्हणतात, “घ्या. तुमच्याकडे अजून फुलायचंय ना?” सासूबाई फुलं घेतात. दार लावून घेतात. मग मला विचारतात, “कुठवर आलं गं तुझं?”

तेव्हा ते माव्यापर्यंत आलं होतं. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे बारीक किडे दाटले होते आणि त्यांच्यामधून मुंग्यांची ये-जा चालली होती. मला बरं वाटलं. म्हटलं, मुंग्या साफसफाई करताहेत. प्रत्यक्षात मावा झाडाचा रस पिऊन मागून गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात माव्याला शत्रूंपासून राखतात. थोडक्यात, मी ज्यांना सफाई कामगार समजत होते ते गवळी होते आणि गोठा माझ्या झाडावर होता. निंबोळी तेल संध्याकाळी, साबणाच्या पाण्यात नीट मिसळून फवारतात. मी दुपारी एक वाजता, साबणाशिवाय फवारलं. मावा राहिला, पानं करपली.

तरीही एके दिवशी माव्यात मला खरा गुन्हेगार सापडला. काळपट, टोकेरी, अंगावर नारिंगी ठिपके, चाल थेट सुसरीची. असे बरेच निघाले. मी चिमट्याने एकेक उचलून साबणाच्या पाण्यात बुडवला आणि विजयाने मामांना वाटी दाखवली. मामा बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. ती ढालकिड्याची पिल्लं होती. तोच तो लाल, ठिपक्यांचा, मुलांच्या पुस्तकातला गोड किडा लहानपणी असा दिसतो आणि माव्यावरच जगतो. आमच्या गच्चीवर मावा खाणारं तेवढंच खातं चालू होतं, ते मी बंद केलं.

डेलियाला ज्याचं नाव दिलंय तो आंद्रेआस डाल हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ १७८९ मध्ये वारला आणि झाडाला त्याचं नाव मिळालं १७९१ मध्ये. नावही झालं आणि मावाही बघावा लागला नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

मग मात्र मी कठोर व्हायचं ठरवलं. सगळं माझ्या मायेमुळे बिघडतंय, असं काकूंसकट सगळ्यांचं मत पडलं होतं. एका रविवारी चहासुद्धा न घेता कात्री घेऊन गच्चीवर गेले. सुकलेली फुलं वेळच्या वेळी कापली नाहीत तर झाड बी धरण्याच्या मागे लागतं आणि पुढची फुलं कमी होतात. म्हणून सुकलेली तेवढी कापायची. पाकळ्या गळून गेलेलं हिरवं बोंड आणि नवी कळी दिसायला जवळजवळ सारखी. कळी गोल आणि चपटी, सुकलेलं बोंड टोकदार आणि दाबलं तर ओलसर. हा फरक मी खाली येऊन वाचला. गच्चीवर मी जे कठोरपणे टोपलीत भरलं होतं, ते सगळं गोल आणि चपटं होतं.

एका झाडाची पानं शिरांच्या कडेने पिवळी पडून आखडली होती. मामा म्हणाले, “हे उपटून टाका. व्हायरस आहे, औषध नाही. मावा याचा रस पिऊन दुसऱ्यावर बसला की तेही गेलं.” आजारी माणसाला घराबाहेर काढायचं? मी ती कुंडी मधोमध ठेवली, सोबत म्हणून. फेब्रुवारी संपेपर्यंत सोबतीची पानंही पिवळी झाली.

उन्हाळा लागला, झाडं वाळली. कुंड्या उलथल्या तर आत कंदांचे झुबकेच्या झुबके! वर ज्यांनी कधी धड फूल दिलं नाही, त्यांनी खाली असा संसार थाटला होता. पण व्हायरस कंदात राहतो, त्यामुळे पुढच्या वर्षी लावायची सोय नाही. “फेका,” मामा म्हणाले. एव्हाना ते माझ्याकडे न बघताच बोलत असत.

फेकायचे? टोपलीभर कंद? मी वाचायला बसले. झाडाचा व्हायरस माणसाला लागत नाही. फवारलेलं काय, तर निंबोळी तेल, तेही कधीच धुऊन गेलेलं. आणि मेक्सिकोत हे कंद पूर्वीपासून खात. युरोपात आले तेव्हा बटाट्याला पर्याय म्हणून तिथेही खाऊन पाहिले. त्यानंतर युरोपने मुकाट्याने फुलांवर लक्ष दिलं, हा पुढचा भाग मी घाईत गाळला.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सासूबाईंनी रास्त प्रश्न विचारला, “उपासाला चालतं का?”

मी म्हटलं, “आई, बटाटा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कंदाचा, तो तिकडचाच. शेंगदाणा तिकडचा, रताळं तिकडचं, मिरची मेक्सिकोची. उपासाच्या ताटात तूप तेवढं आपलं. हा कंद तर मेक्सिकोचा, आणि त्यांनी १९६३ मध्ये याला राष्ट्रीय फूल केलंय. याची कागदपत्रं बटाट्यापेक्षा चोख आहेत.”

त्यांना ते पटलं. मी कंद सोलून किसले, तुपात जिरं-मिरचीची फोडणी, वर कूट आणि लिंबू. चव जवळजवळ काहीच नाही, पण कुरकुरीत. नवऱ्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या दिवसांत पहिली कामाची गोष्ट केलीस.” त्या वर्षात मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. मी तेव्हाच उठून झोपायला जायला हवं होतं.

डेलियाच्या कंदात बटाट्यासारखा स्टार्च नसतो, इन्युलिन असतं. ते आपल्याला पचत नाही. ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. त्यातून वायू होतो. रात्री अकराच्या सुमारास आमच्या तिघांच्याही जिवाणूंची पंगत बसली. नवरा उशी घेऊन गच्चीवर गेला. सासूबाईंच्या खोलीतून मधूनमधून ‘विठ्ठला’ ऐकू येत होतं. एरवी त्या एवढ्या वेळा म्हणत नाहीत.

त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. पुढच्या एकादशीला मी सकाळीच त्यांना विचारलं, “आई, काय करू?”

“साबुदाणाच कर,” त्या म्हणाल्या. मग देवापुढची पाच जास्वंदीची फुलं नीट मांडता मांडता, मागे न वळता: “आणि ते उरलेले कंद आहेत ना, ते सोलून, किसून तळमजल्यावर देऊन ये. त्यांचाही उपास असतो.”