स्वतःच्या डोळ्यात बोट कसे घालावे (नवशिक्या मध्यमवयीनांसाठी)

साहित्य : साबण, धागे न सोडणारा टॉवेल, आरसा, लेन्सचे सोल्युशन, आणि वय वर्षे ४७. यांतले शेवटचे विकत आणावे लागत नाही.

सुरुवातीला थोडी थिअरी. मराठीत 'चाळिशी' म्हणजे वयही आणि त्या वयात लागणारा चष्माही. भाषेने इतके धडधडीत सांगून ठेवले असतानाही प्रत्येकाला वाटते, आपल्याला नाही लागणार. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होते आणि जवळचे पाहायला त्याला फुगता येत नाही, एवढाच काय तो प्रकार. गाजर खाऊन किंवा पहाटे गवतावर अनवाणी चालून ते मऊ होत नाही. मी दोन्ही करून पाहिले. डोंबिवलीत गवत शोधण्यात जो व्यायाम झाला तेवढाच फायदा.

लेन्सच्या भानगडीत पडण्यापूर्वी आपला नंबर नीट समजून घ्या. मी घेतला नाही. माझा नंबर कॉलेजपासून उणे तीन. उणे तीनवाल्याने चष्मा काढला की साधारण ३३ सेंटिमीटरवरचे स्वच्छ दिसते, म्हणजे आपण पुस्तक धरतो बरोबर तिथले. त्यामुळे माझ्या वयाच्या बायका ऑफिसात गोळ्यांची स्ट्रिप हात लांब करकरून वाचत होत्या, तेव्हा मी चष्मा कपाळावर ढकलायचे, एक्स्पायरीची तारीख मोठ्याने वाचून दाखवायचे आणि चष्मा पुन्हा नाकावर. काय तो रुबाब! मग भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोंत माझ्या डोळ्यांच्या जागी फ्लॅशचे दोन पांढरे ठिपके आले, आणि मी लेन्स घ्यायला गेले. लेन्स कपाळावर ढकलता येत नाही, हे मला पैसे भरल्यावर कळले.

पायरी पहिली : हात धुवा. साबणाने, आणि नीट कोरडे करा. सोपे वाटते ना? तुम्ही ठेचा करत नसाल तर सोपेच आहे. मिरचीचा तिखटपणा पाण्याला दाद देत नाही. दुपारी चिरलेल्या मिरच्या रात्री लेन्स काढताना आठवतात. त्या रात्री मी नळाला डोळा लावणार होते, तेवढ्यात लेकीने मागून ओढले. नळाचे पाणी आणि लेन्स यांची गाठ कधीही घालू नये. त्या पाण्यात अकँथामीबा नावाचा जीव असू शकतो आणि तो बुबुळाची वाट लावतो. भरपाई एवढीच की लेन्स घालून कांदा चिरला तर डोळे बरेच कमी झोंबतात. सासूबाईंना हे अजून खरे वाटत नाही.

पायरी दुसरी : वाटी की बशी? लेन्स बोटाच्या टोकावर ठेवा. कडा सरळ वर असतील तर वाटी, म्हणजे बरोबर. बाहेर पसरल्या असतील तर बशी, म्हणजे उलटी. जवळचे दिसत नसेल तर घरातल्या पोराला विचारा. ते मोबाइलमधून मान न उचलता 'वाटी' म्हणेल. विश्वास ठेवू नका.

तिसरी पायरी चुकते. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून जिना उतरणाऱ्यांना कारण विचारा.

पायरी चौथी : मधल्या बोटाने खालची पापणी ओढा, दुसऱ्या हाताने वरची धरा आणि लेन्स बुबुळावर टेकवा. पापणीला हे मान्य नसते. ४७ वर्षे तिने एकच काम केले आहे, डोळ्याकडे येणारे बोट अडवायचे, आणि आता मालकीणच बोट घेऊन आली आहे! दुकानातली शिकवणारी मुलगी तेवीस-चोवीसची असेल. "मॅम, वर बघा. मॅम, रिलॅक्स." लेन्स चार वेळा पापण्यांच्या केसांवर, एकदा हनुवटीवर, एकदा काउंटरच्या काचेवर. विसाव्या मिनिटाला मॅमची 'काकू' झाली. "काकू, श्वास घ्या." मी श्वास घेतला आणि लेन्स बसली. समोरच्या आरशात पहिली स्वच्छ गोष्ट दिसली ती हनुवटीवरचा एक पांढरा केस. बिल मात्र हात लांब करूनही वाचता आले नाही.

लेन्स डोळ्यामागून मेंदूत जाईल, ही सासूबाईंची भीती तेवढी काढून टाका. डोळ्याचा पातळ पडदा पापणीच्या आत दुमडून शिवल्यासारखा बंद असतो. मागे जायला वाटच नाही. फार तर वर सरकून दडी मारेल.

मऊ लेन्सचे श्रेय जाते प्रागच्या ओटो विख्टर्ले यांना. १९६१च्या नाताळात त्यांनी राहत्या घरी मुलांच्या जोडखेळाचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो वापरून लेन्स ओतायचे यंत्र केले. तेव्हा त्यांचे वय ४८. मी त्या वयाच्या एक वर्ष अलीकडे आहे आणि मिक्सरचे झाकण बदलायलाही माणूस बोलावते.

जवळचे दिसेना, तर लेन्सवर वाचायचा चष्मा घाला, असा पहिला सल्ला मिळाला. चष्मा घालवायला लेन्स आणि लेन्सवर चष्मा! दुसरा उपाय मानवला. उजव्या डोळ्यात पूर्ण नंबर, दूरचे बघायला; डाव्यात मुद्दाम कमी, जवळचे बघायला. कोणाचे कधी ऐकायचे ते मेंदू हळूहळू शिकतो. माझ्या मेंदूला पंधरा दिवस लागले, आणि तेवढ्यात चहा दोनदा कपाशेजारी ओतला गेला. आता फलाटावर उजवा डोळा इंडिकेटर वाचतो, डावा मोबाइलवरचे वेळापत्रक. दोघांना वेगवेगळ्या वेळा दिसतात, पण तो दोष लेन्सचा नाही.

काजळ लेन्सनंतर घाला, आधी नाही. लेन्स घालून झोपू नका. डोळा लाल झाला, दुखला, तर आधी लेन्स काढा आणि डॉक्टर गाठा. इथे मी विनोद करत नाही.

शेवटची पायरी, काढणे. परवा रात्री साडेअकराला एक लेन्स सहज निघाली. दुसरी काही केल्या निघेना. चिमटीत धरली, निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. नवरा टॉर्च घेऊन आला. "वर बघ. आता खाली." दहा मिनिटांनी तो म्हणाला, "अगं, तू बुबुळच ओढते आहेस बहुतेक." डबी उघडली, तर उजव्या खणात दोन्ही लेन्स एकमेकींना चिकटून पडलेल्या.

दिसायला दोन्ही अगदी सारख्या. दूरची कोणती, जवळची कोणती, हे घालून बघितल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

तर, पायरी पहिली : हात धुवा.