शून्याखाली वाजणारा भोंगा

रॅकच्या पाठीमागची विजेची पट्टी पूर्वी बिचारी मुकी असायची. पिना खोचायच्या आणि विसरून जायचं. आता ती 'मॅनेज्ड' झाली आहे. तिला आयपी ॲड्रेस आहे, पासवर्ड आहे. किती अँपिअर वाहतायत, रॅकमध्ये किती उकडतंय, सगळं ती सांगते. मुक्या पट्टीच्या कित्येक पट पैसे मोजलेत म्हटल्यावर तिला बोलू द्यायला हवं, हे खरेदी समितीला मान्य असतं. ऐकायचं कोणी, हे टेंडरमध्ये नसतं.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत (नाव विचारू नका, माझं खातं आहे तिथे) अशा दोन पट्ट्या आहेत, ए आणि बी, प्रत्येकी 32 अँपिअरच्या. प्रत्येक सर्व्हरची एक वायर इकडे, दुसरी तिकडे. एक पट्टी गेली तर दुसरी सांभाळेल, अशी योजना. वेंडरच्या माणसानं इशारा लावून दिला 80 टक्क्यांवर, म्हणजे 25 अँपिअरच्या जरा वर. आकडा पुस्तकातला, त्यामुळे सही लगेच झाली. दोन्ही पट्ट्या 24 वर गुण्यागोविंदानं नांदतात, स्क्रीन हिरवीगार. फक्त ए मेली की तिचे 24 बीच्या डोक्यावर येणार, बेरीज 48 होणार आणि 32 चा एमसीबी थोडा वेळ कळ काढून पडणार. जोडीनं संसार करणाऱ्या पट्टीला इशारा हवा साडेबाराच्या आसपास. सिस्टीम बघणाऱ्या पोरानं हे एकदा साहेबांच्या कानावर घातलं.

"साडेबाराला लावला तर आत्ताच वाजेल ना रे?"

"हो साहेब."

"मग कशाला लावायचा?"

पोरगं गप्प बसलं. त्याचं प्रोबेशन चालू होतं.

पट्टीत आणखी एक इशारा असतो, लोड फार कमी झाल्याचा. लोकांना तो थट्टेचा विषय वाटतो. वीज कमी लागली तर बरंच की! पण चालत्या पट्टीवरचा लोड अचानक गळाला, तर तिच्यावरचं काहीतरी मेलं, हे सांगणारा तोच पहिला. आमच्या पतसंस्थेत तो चालू आहे. स्क्रीनशॉट ऑडिटच्या फायलीत आहे, ऑडिटरची टिकसुद्धा आहे. मर्यादा ठेवली आहे शून्य. अँपिअर शून्याच्या खाली गेले की भोंगा वाजणारच, त्यात हयगय नाही.

तापमानाचा इशारा मात्र 27 अंशांवर, अगदी नियमाबरहुकूम होता. तो वाजला खंडेनवमीला. रॅकची यथासांग पूजा झाली होती आणि पुढच्या जाळीच्या दारावर झेंडूचे चार जाडजूड हार लोंबत होते. सर्व्हर गार हवा नेमकी त्याच जाळीतून ओढतात. इशारा खरा होता, कारण डोळ्यांसमोर होतं. हार काढणार कोण? दसऱ्याच्या तोंडावर! मर्यादा 35 केली. हार दिवाळीपर्यंत होते.

मेलची कथा वेगळीच. मध्यंतरी लोड 25 च्या आगेमागे घुटमळायला लागला. वर गेला की मेल, खाली आला की 'सर्व ठीक' असा दुसरा मेल. वाजायची आणि शांत व्हायची मर्यादा यांत थोडं अंतर ठेवायची सोय पट्टीत होती, पण त्यासाठी मॅन्युअल उघडावं लागतं. साहेबांनी त्यापेक्षा सोपं केलं: पट्टीचे मेल परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवले. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत बिघाड झाला, तेव्हा सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम आले आणि नेमकं काय बिघडलंय हेच तिथल्या लोकांना उमजेना. आमच्याकडे तसा गोंधळ होणे नाही.

मग एका रात्री ए मेली. कमी लोडचा भोंगा शून्याखाली जाण्याची वाट बघत बसला. बीनं मात्र ओव्हरलोडचा मेल ताबडतोब लिहिला आणि दोन पत्त्यांवर धाडला: एक साहेबांचा, तो फोल्डरात गेला, दुसरा गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांचा. एमसीबी पडल्याचा मेल लिहायला बीच उरली नव्हती. उरली असती तरी मेल ज्या स्विचमधून जायचा, तो तिच्यावरच जोडलेला.

चौकशी झाली. अहवालात 'इशारा यंत्रणा कार्यान्वित होती व इशारा वेळेत देण्यात आला' असं स्पष्ट म्हटलं आहे, म्हणजे दोष कुणाचाच नाही. सुधारणाही तातडीनं झाली. यापुढे मेल बंद, इशारा थेट एसएमएसवर. रात्री जागं असणारं माणूस हवं म्हणून नंबर दिलाय वॉचमनच्या केबिनचा. लँडलाइन आहे.