भिंतीवरचा बिंदू

शेजाऱ्यांनी हॉलमध्ये रझांच्या चित्राची प्रिंट लावलीय. मधोमध काळा बिंदू, भोवती लाल, पिवळे, हिरवे त्रिकोण. ‘निसर्ग आहे,’ त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. त्यांच्या आईंना तो कॅरमबोर्ड वाटला होता.

सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या वनखात्यातल्या माणसाचे चिरंजीव. लहानपणी मन थाऱ्यावर राहीना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसवलं. २०२३मध्ये रझांचं ‘जेस्टेशन’ हे बिंदूचं चित्र मुंबईतल्या लिलावात ५१.७५ कोटींना गेलं. (आमच्या गुरुजींनीही आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, ठिपका तेवढा काढायचा राहिला.)

शेजाऱ्यांची प्रिंट उशांच्या अभ्र्यांना अगदी जुळते. खिडकीत घुसणारी आंब्याची फांदी तोडावी, असा अर्ज त्यांनी सोसायटीकडे दिलाय.